दुसरी टोपली

अक्का, तुझ्या पिठावर उंदराची पावलं उमटली.

हे तुला कसं सांगावं याचा मी कालपासून विचार करते आहे, कारण ऐकून तू आधी हसशील आणि मग चिडशील. देवासच्या घरात, खिडकीजवळ जिथे तुझी खाट होती, तिथे आत्याबाईंनी दिवा लावला आहे. वात दक्षिणेकडे. परवा संध्याकाळी त्यांनी दिव्याशेजारी ताटात तांदळाचं पीठ पसरलं, तळहाताने सारखं केलं आणि त्यावर टोपली पालथी घातली. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, त्याची खूण म्हणे सकाळी पिठावर दिसते. आई गेली तेव्हाही आपल्याकडे हे केलं होतं, तुला आठवत असेल. तेव्हा पीठ जसंच्या तसं राहिलं होतं, आणि आत्याबाई म्हणाल्या होत्या, सुटली बिचारी.

काल सकाळी टोपली उचलली तर ताटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चिमुकली पावलं, आणि मधून शेपटीची बारीक रेघ. आत्याबाई मटकन खाली बसल्या. "गं बाई गं, उंदराच्या जन्माला गेली माझी पोर! कित्ती जीव घेतले तिने. मी म्हणत होते, हे काम छोड दे, छोड दे. माझी काय सुनती ती!"

मी हसले. खरंच हसले, अक्का, तोंडाला पदर लावून. शेजारच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या तशी मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. हसू ओसरलं आणि त्याच्या मागून एक विचार आला तो काही केल्या जाईना. उंदीर झाली असेल तर कुठल्या पिंजऱ्यात? अळशीच्या तेलाच्या, की सोयाबीनच्या?

तुला भेटायला म्हणून लोक येतात, म्हणजे आता आम्हाला भेटायला येतात, आणि म्हणतात, कॅन्सरवर औषध शोधत होत्या ना त्या. तू असतीस तर चहाचा कप खाली ठेवायच्या आत दुरुस्त केलं असतंस. औषध नाही. माणसांवर तर नाहीच. कॉलेजच्या मागच्या त्या बसक्या खोलीत पांढऱ्या उंदरांना वेगवेगळी तेलं खाऊ घालून, त्यांना येणाऱ्या गाठी कुठल्या तेलाने कमी होतात का, एवढंच तू बघत होतीस. एका रांगेतल्या पिंजऱ्यांना सोयाबीनचं तेल, एका रांगेला शेंगदाण्याचं, एका रांगेला अळशीचं. बाकी सगळं सारखं. तेच पाणी, तेच दाणे, तोच उजेड. "फरक एकाच गोष्टीचा हवा, छोटी," तू म्हणायचीस, "नाहीतर आपण स्वतःलाच गोष्टी सांगत बसतो." मी सरदारपुरच्या शाळेत हिंदी शिकवते, माझं पोटच गोष्टी सांगण्यावर चालतं, त्यामुळे मला ते लागायचं.

मला त्या खोलीत तू पहिल्यांदा नेलंस तेव्हा मी नाकाला रुमाल लावून दारातच उभी राहिले होते. लाकडाचा भुसा, उंदरांचं मूत आणि त्यावर अळशीच्या तेलाचा तो उग्र वास. आईच्या चटणीचाच वास. आईची अळशी निसरपुरहून मामाच्या शेतातून यायची. ते शेत आता नर्मदेच्या पाण्यात गेलं. तू त्या चटणीवर तुटून पडायचीस, आणि मी ताट सरकवून उठायचे. तेव्हापासून मी अळशीचा दाणा तोंडात घातला नाही.

तू एक उंदीर डाव्या हातात घेतलास आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्याच्या पोटाच्या कडेने, पुढच्या पायांच्या बगलेपर्यंत, हलकेच चाचपत गेलीस. आपण बायका तांदूळ निवडताना खडा शोधतो तसं. डोळे मिटलेले होते तुझे. "मिळाली की कळतं," तू म्हणालीस. "वाटाण्याएवढी असली तरी कळतं." मग उंदीर परत ठेवून दुसरा घेतलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आईला असं कोणी वेळेवर बघितलं असतं तर."

आईने गाठ पदराआड ठेवली होती. कोणाला सांगावं, कोणाला दाखवावं, म्हणून गप्प राहिली, आणि बोलली तेव्हा डॉक्टरांकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. यावर आपण दोघी कधी बोललो नाही. तू उंदरांकडे गेलीस, मी पुस्तकांकडे. आत्याबाईंनी आपल्याला वाढवलं, आणि देवाकडे जे काय मागायचं ते त्यांनीच मागितलं.

आपलं मोठं भांडण झालं ते हडकुळ्या उंदरांवरून. त्या खेपेला अळशीच्या पिंजऱ्यांत गाठी कमी निघाल्या होत्या. मी धारहून पेढे घेऊन आले, आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली, तुझ्या कॉलेजातही म्हणे सगळे अभिनंदन करून गेले. आणि तू थोड्याच दिवसांत फोनवर थंडपणे सांगितलंस की त्यात काही अर्थ नाही. अळशीचं तेल लवकर खवट होतं. उंदरांना ते खाणं आवडलं नाही, ते कमी जेवले, बारीक राहिले. आणि कमी जेवणाऱ्या उंदरांना तशाही गाठी कमी येतात. मग श्रेय तेलाचं की अर्धपोटी राहण्याचं?

"तुला काय करायचंय?" मी ओरडले होते. "कमी आल्या ना? झालं तर मग! हातातोंडाशी आलेला घास कोणी टाकतं का?"

"टाकते मी," तू म्हणालीस. "उद्या कोणाची तरी आई ते तेल पीत घरी बसेल आणि डॉक्टरकडे जायची थांबेल. मला नको तो घास."

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. रोज ताजं तेल कालवायचं, उरलेलं टाकून द्यायचं, प्रत्येकाला तोलून सारखं खायला घालायचं. त्यातून काय निघालं ते विचारलं की तू खांदे उडवायचीस. "थोडंसं. कदाचित. उंदरांत." तीन शब्द, आणि प्रत्येक शब्द मागे पाय घेणारा. मला तुझा राग यायचा, अक्का. सगळं आयुष्य घालून माणसाने एवढंच सांगावं?

मग तुला गाठ निघाली. तुझी तुलाच लागली, त्याच दोन बोटांना.

मी धारच्या तेलाच्या घाण्यावरून अळशीचं तेल काढून आणायला लागले. बाटलीला काळा कागद गुंडाळायचा, उजेड लागू द्यायचा नाही, फ्रिजमध्ये ठेवायचं, हे सगळं तूच सांगितलेलं. तू ते भाकरीवर घालून निमूट खायचीस. वाद नाही, चेष्टा नाही. तेच मला खटकायला हवं होतं. मध्यंतरी तुला जरा बरं वाटलं, चेहऱ्यावर तरतरी आली, तेव्हा मी म्हणाले, "बघ, तेल लागू पडतंय."

"किमो पण चालू आहे ना? मग कोणाचं नाव घ्यायचं?"

"दोघांचं घे. तुझं काय जातं?"

तू हातातली भाकरी ताटात ठेवलीस. मग म्हणालीस, "तेल न घेतलेली मी कुठे आहे, छोटी? तिला समोर आणून बसव. मग सांगते तुला, तेलाने काय झालं ते."

तू सहज बोललीस, पण ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं. त्या दिवसापासून मला ती दिसायला लागली. तेल न घेतलेली तू. मी तुझ्यासाठी मऊ भात कालवत असायचे आणि ती मधल्या खोलीच्या दाराशी उभी असायची, तुझाच तो फिका हिरवा गाऊन घालून, भिंतीला धरून. कधी ती तुझ्याहून वाईट दिसायची आणि मला आत कुठेतरी बरं वाटायचं. कधी चांगली दिसायची, गाल भरलेले, केस जागेवर, आणि मग मला तिच्याकडे बघवायचं नाही. तू गेलीस तेव्हा वाटलं होतं, तीही जाईल. गेली नाही. काल दिव्यात तेल घालायला वाकले तर मागे उभी होती.

आता त्या एका दुपारबद्दल. तू उशांना टेकून बसली होतीस, मी तुझ्या पायांना तेल चोळत होते. तू हात एकमेकांवर घासत होतीस. मला वाटलं, थंडी वाजते आहे, म्हणून मी शाल ओढली. तू शाल बाजूला केलीस आणि म्हणालीस, "इकडे ये. जवळ ये. बघू दे मला."

मला कळलं तू काय म्हणते आहेस. तुझी बोटं माझ्या काखेशी आली आणि ती इतकी गार होती की मी दचकून मागे सरकले. "मी काय तुझा उंदीर आहे?"

"उंदीर ऐकतात तरी," तू म्हणालीस.

आपण दोघी हसलो. तू हात मागे घेतलास, खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मग इंदूरला जाऊन तपासून घे. आधी आई. मग मी. तुला काय मी समजावून सांगायचं?" मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग म्हटलं, पेपर तपासून होऊ दे. प्रत्येक फोनवर तू विचारायचीस, जाऊन आलीस का. मी म्हणायचे, जाते गं, किती मागे लागतेस. शेवटच्या फोनवरही आपलं तेवढंच बोलणं झालं. मला भीती वाटते, अक्का. हे मी तुला एकदाही सांगितलं नाही, तरी तुला ते ठाऊक होतं, आणि तूही बोलली नाहीस.

काल दुपारी जगदीशभिया आले होते. तुझ्या उंदरांना दाणापाणी करणारे, पिंजरे धुणारे. पायरीवर बसून राहिले, आत यायला तयार नाहीत. आत्याबाईंनी त्यांनाही पिठाची गोष्ट सांगितली आणि डोळ्यांना पदर लावला. "सांग ना भिया, तू तर सगळं बघितलं. पाप लागलं ना तिला? उंदराला मारायची ना ती?"

जगदीशभिया पायरीवरच जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "माँ साब, झूठ नी बोलूँ। आखरी में तो मारना पड़े, काम ऐसो ज है। पण मैडम ने तकलीफ देके कदी नी मारा। और उठाने से पेलां दोनों हथेली घिसती थी, गरम करती थी, के ठंडा हात से ऊंदरो डर जाय।"

आत्याबाई म्हणाल्या, "हो का रे?" आणि पुन्हा रडल्या, पण ते रडणं जरा वेगळं होतं, थकून बसल्यावर येतं तसं. मी स्वयंपाकघरात निघून गेले. आधी मला तुझा चक्क हेवा वाटला. म्हणजे त्या उंदरांचा. त्यांच्यासाठी हात गरम करायचे आणि सख्ख्या बहिणीला बर्फासारखी बोटं लावायची! चहाचं आधण उकळेपर्यंत मी तुझ्यावर धुसफुसत होते. मग ती दुपार आठवली. तू हात घासत होतीस. खूप वेळ घासत होतीस. ते गरम व्हायला तयारच नव्हते, आणि तू थांबायला तयार नव्हतीस. आणि मी शाल ओढत होते.

चहा उतू गेला. जगदीशभियांना दुसऱ्यांदा ठेवून दिला.

संध्याकाळी मी आत्याबाईंना म्हटलं, आज पुन्हा टोपली ठेवायची. एक दिव्याजवळ, आणि एक स्वयंपाकघरात, कोपऱ्यात. पीठ त्याच डब्यातलं, ताटं एकाच आकाराची. टोपल्याही सारख्याच, कांद्याबटाट्याच्या त्या मोठ्या भोकांच्या विणीच्या, ज्या तू सोनकच्छच्या बाजारातून जोडीने आणल्या होत्यास. आत्याबाई चिडल्या. "ती गेली आणि तिचं वारं तुला लागलं! मेलेल्या माणसाची कोणी परीक्षा घेतं का?" मी म्हटलं, तिची नाही घेत, टोपलीची घेते. त्या पुटपुटत राहिल्या, पण पीठ सारखं करायला त्याच बसल्या, दोन्हीकडे. माझ्या हाताने सारखं होत नव्हतं.

मला काय हवं होतं ते सांगू? स्वयंपाकघरातलं पीठ कोरं निघालं तर आत्याबाईंचं खरं, मग तू कुठल्यातरी भिंतीआड, कुठल्यातरी पिंजऱ्यात आहेस, लाल डोळ्यांची, आणि कोणीतरी गार हातांचं पोरगं तुला उचलतं आहे. ते मला सहन होत नव्हतं. आणि तिथेही पावलं निघाली, तर तो घरातलाच उंदीर, आणि तू कुठेच नाहीस. तेही सहन होत नव्हतं. तू रोज त्या खोलीत कशी जायचीस, अक्का? निकाल काहीही लागला तरी आपलं काहीतरी जाणारच, हे माहीत असून?

आज सकाळी आत्याबाई आंघोळ करून माझ्याआधी उभ्या होत्या. दिव्याजवळची टोपली त्यांनी उचलली. पावलं होती. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. ती टोपली मी उचलली. तिथे तर त्याने धुमाकूळ घातला होता. ताटभर पावलं, कडेला सांडलेलं पीठ, आणि वर दोन लेंड्या.

आत्याबाई वाकून बघत राहिल्या. "म्हणजे हा आपला घरचाच मेला?"

"घरचाच."

"म्हणजे ती नव्हे?"

"ती नव्हे, आत्याबाई."

त्यांनी हात जोडले, कोणाला कोण जाणे. मग पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ गं काहीतरी. भूक लागली आहे." तू गेल्यापासून त्या पोटभर जेवल्या नव्हत्या. आज दोनदा भात घेतला. आयुष्यभर तू ज्यांना एक गोष्ट पटवू शकली नाहीस, त्यांना ती आज स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या ताटाने पटली, आणि त्याने त्यांचं भलंच झालं. मी तुला तेवढ्यासाठी मनातून नमस्कार केला. शिव्याही दिल्या, कारण आता माझ्याकडे तुझी काहीच खूण उरली नाही.

फ्रिज उघडला तर दारात तुझी बाटली, काळ्या कागदात. अजून अर्धी आहे. झाकण काढून वास घेतला. खवट व्हायला लागलं आहे. ती हातात धरून मी उभी राहिले आणि मधल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. ती उभी होती. तेल न घेतलेली. या वेळी मी नजर वळवली नाही. नीट बघितलं. हिरवा गाऊन नव्हता. अंगावर माझीच साडी होती.

किती मठ्ठ आहे मी. तू विचारलंस, तेल न घेतलेली मी कुठे आहे, तेव्हा मी तुझ्या समोर बसले होते. त्याच आईची, त्याच घरात वाढलेली, तेच पाणी, त्याच हाताचं जेवण. एकीने चटणी खाल्ली, एकीने ताट सरकवलं. बरोबर आहे, एकेका उंदरावरून काही सिद्ध होत नाही, तू लगेच म्हणशील, आणि वयातलंही अंतर काढशील. मला सिद्ध करायचंही नाही. मला एवढंच विचारायचं होतं की त्या दुपारी तू मला जवळ बोलावलंस ते दुसऱ्या पिंजऱ्यात काय आहे ते बघायला, की धाकटी बहीण म्हणून? दोन्ही असेल. तुझ्यात ते कधी वेगळं नव्हतंच, मीच उगाच वेगळं करत बसले.

बाटली मी रिकामी केली आहे. कोणाच्या दिव्यात घातली नाही, तुळशीलाही नाही. मोरीत ओतली, शिळं तेल तू टाकायचीस तशी.

दहावा झाला की गुरुवारी सकाळच्या बसने मी इंदूरला जाणार आहे. आत्याबाई सोबत येते म्हणतात, डब्याला दशम्या करणार आहेत. तिथे कोणीतरी बाई असेल, पडदा ओढून हात वर करायला सांगेल. मला भीती वाटत असेल, हे आत्ताच सांगून ठेवते. डोळे मी मिटून घेईन, तू मिटायचीस तसे. या खेपेला मागे सरकणार नाही, अक्का. तुझे हात गरम होत नसतील तर घासत बसू नकोस, तशीच ये.